आपल्या वस्तीत म्हातारपण लवकर येते : रोजच्या सवयी, घर आणि विहार

पौर्णिमेची वंदना संपते, शेवटचे 'साधु, साधु, साधु' होते आणि लोक उठू लागतात. उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या कुठल्याही विहारात या वेळी जरा बाजूला उभे राहून पाहावे. पोरे चटकन उठून चपला शोधायला जातात. मागे भिंतीला टेकून बसलेल्या पांढऱ्या साडीतल्या आज्या आधी एका कुशीवर कलतात, एक हात फरशीवर रोवतात, दुसऱ्याने शेजारणीचा खांदा धरतात आणि मग 'आई गं' म्हणत उभ्या राहतात. 'आजी' म्हणून आपण ज्यांना हाक मारतो, त्यातल्या अनेक जणींची साठीही झालेली नसते.

हे नुसते आमच्या नजरेला वाटते असे नाही. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता या संशोधकांनी नऊ राज्यांच्या आकडेवारीवरून केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी निघाले. महत्त्वाचे म्हणजे हा फरक केवळ गरिबीने पुरता उलगडत नाही. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण जात माणसाचे आयुष्य किती आखडते याचा अंदाज त्यातून येतो. जी वर्षे मिळतात, त्यांतलीही किती गुडघे धरून, किती डायलिसिसच्या खुर्चीवर जातात, हा त्यापुढचा प्रश्न.

कार्यकर्त्यांसमोर हा विषय काढला की 'हे ज्येष्ठ नागरिक संघाचे काम' असे उत्तर येते. आम्हाला ते पटत नाही. वस्तीत रोज फिरल्यावर आमचे मत असे झाले आहे की, चांगल्या सवयी एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगवळणी पडत नाहीत. घरातली चूल, पाण्याची वेळ, शौचालयाचा दिवा आणि विहाराचे वेळापत्रक जसे असेल तशा त्या पडतात. आणि या चारही गोष्टी बऱ्याच अंशी तिशी-चाळिशीतल्या माणसांच्या हातात असतात.

बाबासाहेबांच्या आजारपणाचा धडा

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. शेवटची अनेक वर्षे त्यांना मधुमेह होता. पायांतल्या वेदना होत्या, दृष्टी मंदावत होती. १९५४ मध्ये ते काही महिने अंथरुणाला खिळून होते. नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर दोन महिनेही ते आपल्यात राहिले नाहीत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. आणखी दहा वर्षे मिळाली असती तर, हा विचार आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येऊन गेलेला आहे.

एप्रिलमध्ये आपण सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो. घ्यावेतच. पण एरवीही कार्यकर्त्यांची बैठक रात्री अकराला संपते, मग नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर जेवण होते, कुणाच्या तोंडात पुडी असते, झोपायला दीड वाजतो आणि सकाळी सातची लोकल असते. बाबासाहेबांच्या कष्टांचे अनुकरण आपण करतो, त्यांच्या आजाराकडे मात्र पाहत नाही. स्नायूंचे वस्तुमान तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटू लागते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. म्हणजे हा लेख आईवडिलांसाठी जितका आहे तितकाच तो वाचणाऱ्यासाठीही आहे.

ताटात काय, किती आणि केव्हा

संयुत्त निकायात कोसलराजा पसेनदीची एक गोष्ट आहे. राजा एका वेळी द्रोणभर भात खात असे. हा द्रोण म्हणजे आपला पानाचा द्रोण नव्हे, ते त्या काळचे मोठे माप होते. जेवून धापा टाकत तो भगवंतांकडे आला. जेवणाचे भान ठेवणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची गाथा भगवंतांनी त्याला ऐकवली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणून दाखवण्यासाठी दिवसाला शंभर कहापण ठरवले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला. आम्हाला यातला सुदस्सन फार आवडतो. राजालाही एकट्याला जमले नाही, जेवताना शेजारी आठवण करून देणारा माणूस लागला.

आमच्या भागात म्हाताऱ्या माणसांचे खाणे जास्त होते ही तक्रार तशी कमीच. अडचण वेगळी आहे. दात गेले की भाकरी सुटते आणि चहात बुडवलेली खारी, पाव, बटर आणि दुपारी भात एवढ्यावर दिवस निघतो. पोट भरते, पण पिठूळ आणि गोड एवढेच पोटात जाते. साखर वाढते आणि मांड्या वाळत जातात. साठीनंतर वजनाच्या दर किलोला साधारण एक ग्रॅम प्रथिने रोज हवीत. पन्नास किलोच्या आजीला पन्नास ग्रॅम. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात. तीस ग्रॅम कच्ची डाळ, म्हणजे साधारण मूठभर, शिजवून खाल्ली तर सात ग्रॅमच्या आसपास. तेव्हा पातळ आमटीवर भागत नाही. घट्ट वरण, मऊ शिजवलेली मटकी, हुलग्याचे माडगे, दही, अंड्याची भुर्जी, काटे काढलेला मासा, बारीक खिमा यांपैकी काहीतरी दोन्ही वेळच्या जेवणात हवे. नाचणीची आंबील दात नसलेल्यालाही चालते, शिवाय शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिने किती घ्यायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मिठाबद्दल थोडे कठोर बोलावे लागेल. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. सुकट, खारे बोंबील, पापड, लोणचे, फरसाण आणि वडापावबरोबरची सुकी चटणी यांच्यातच ती संपून जाते. सुकट सोडा असे आम्ही सांगत नाही. ती आपल्या घरातली आहे आणि तिच्यात प्रथिने आहेत. पण दोन-तीन पाण्यांतून धुऊन, कांदा-टोमॅटो भरपूर घालून, वरून मीठ न टाकता ती करता येते. घरातल्या एकाला रक्तदाब असेल तर त्याच्यासाठी वेगळे अळणी शिजवू नये. सगळ्यांच्याच कालवणातले मीठ थोडे थोडे कमी करत न्यावे. महिन्याभरात जीभ सरावते.

रात्रीचे जेवण लवकर उरकणे ही सवय तर धम्मातच आहे. रात्रीचे भोजन टाळल्याने आपल्याला आजार कमी आणि अंग हलके राहते, असे भगवंतांनी भिक्खूंना स्वतःचा अनुभव म्हणून सांगितल्याचे मज्झिम निकायात येते. गृहस्थाने आठच्या आत जेवावे आणि मग गल्लीत दहा-पंधरा मिनिटे चालावे. जेवणानंतरच्या साखरेवर या चालण्याचा चांगला परिणाम होतो.

आता खीर. सुजाताची आठवण म्हणून खीरदान होते, त्यामागचा भाव मोठा आहे. पण मधुमेही आजी नाही म्हणू शकत नाही, कारण ते दान आहे. आयोजकांनी छोटे पेले वापरावेत, साखर निम्मी करावी आणि बाजूला भिजवलेले हरभरे किंवा उकडलेली मटकी ठेवावी. कुणाची श्रद्धा दुखावत नाही.

चालणे, उठणे आणि न पडणे

चंक्रमण आपल्याला ध्यानाचा भाग म्हणून माहीत असते. अंगुत्तर निकायात त्याचे पाच फायदे सांगितले आहेत आणि त्यातले बहुतेक शरीराचे आहेत. प्रवास झेपतो, कष्ट झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेले पचते, आणि पाचवा म्हणजे चित्ताची एकाग्रता टिकते. आजचे वैद्यकशास्त्र आठवड्याला किमान दीडशे मिनिटे चालायला सांगते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. वेग असा हवा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. पासष्टीच्या पुढच्यांसाठी आठवड्यातून दोनदा स्नायूंचे आणि तीनदा तोल सावरण्याचे व्यायामही सांगितले आहेत. हा दुसरा भाग आपल्याकडे कुणी करत नाही.

पण चालायचे कुठे? उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीवर, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी उभे राहिलेले शहर. १९४९ मध्ये त्याला हे नाव मिळाले. पत्त्यातला 'बॅरेक नंबर' अजून गेलेला नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे तेरा चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांवर माणसे मोजली गेली. कारखान्यांच्या आणि मजुरीच्या ओढीने राज्याच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली आपली माणसे सुभाष टेकडीसारख्या, चढ-उताराच्या आणि अरुंद गल्ल्यांच्या जागी वसली. पदपथ असलाच तर त्यावर दुचाक्या उभ्या असतात. त्यामुळे 'रोज चाला' हा सल्ला इथे अर्धाच सल्ला आहे. पहाटे व्हीटीसी मैदानावर जाता येत असेल तर उत्तम. नसेल तर विहाराचे सभागृह सकाळी सहा ते सात उघडे ठेवावे, पंख्याखाली गोल फेऱ्या मारता येतात. चढ जमेल त्याने हळूहळू चढावा, पायांसाठी तो चांगलाच. वालधुनीच्या काठाने मात्र फिरायला जाऊ नये. २०१४ मध्ये त्या पात्रात सोडलेल्या रसायनामुळे शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालय गाठावे लागले होते, आणि वास आजही येतो.

पायांत किती बळ उरले आहे हे पाहायची एक सोपी चाचणी विहारातही घेता येते. सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बाराहून कमी आणि पुरुषाला चौदाहून कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका आहे असे समजतात. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात हेच आकडे दहा आणि बारा आहेत. कमी आले तर तीच चाचणी हा व्यायाम करायचा, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा, सुरुवातीला हाताचा आधार घेऊन. तोलासाठी ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालणे. घरी जीन्सचे धागे कापण्याचे काम घेणाऱ्या बायका तासन्‌तास मान वाकवून बसतात. त्यांनी अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे खांदे फिरवले पाहिजेत. मजुरी नगावर मिळते, त्यामुळे हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, हेही आम्ही जाणतो.

वंदनेला जमिनीवर बसून उठणे हाही पायांचा व्यायामच आहे, ज्यांना जमते त्यांनी तो सोडू नये. पण गुडघे गेलेल्यांना खुर्ची मागायची लाज वाटते, आणि म्हणून त्या हळूहळू विहारात यायच्या थांबतात. हे आम्ही वारंवार पाहिले आहे. खुर्च्यांची एक ओळ आधीच मांडलेली असावी, कुणाला मागावी लागू नये. खुर्चीवरून केलेली वंदना वंदनाच असते.

पडणे बहुतेक वेळा घरातच होते. आमच्याकडच्या घरांत दोन जागा धोक्याच्या असतात. एक ओली मोरी, दुसरी माळ्यावर जाणारी उभी लोखंडी शिडी. म्हाताऱ्या माणसाची झोपायची जागा खालीच हवी. 'पोराला अभ्यासाला खाली जागा लागते' म्हणून आजी वर झोपत असेल, तर रात्री लघवीला उठताना ती अंधारात ती शिडी उतरते हे लक्षात घ्या. मोरीच्या भिंतीला धरायला एक पक्का पाइप, खरखरीत पायपुसणे, रात्रभर जळणारा छोटा दिवा आणि झिजलेल्या चपलेऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल, एवढ्यावर मांडीचे हाड वाचू शकते. एका सुट्टीच्या दिवशी दोन पोरांनी गल्लीतल्या दहा घरांत पाइप बसवून दिले तर ते अभिवादनाच्या एका बॅनरपेक्षा जास्त काळ टिकेल.

पाणी आणि शौचालय

"रात्री उठायला नको म्हणून मी पाणीच पीत नाही गं." हे वाक्य आम्हाला अनेक आज्यांनी सांगितले आहे. सार्वजनिक शौचालय गल्लीच्या टोकाला, वाटेत कुत्री, आत दिवा नाही, उकिडवे बसता येत नाही. मग संध्याकाळी पाचनंतर घोटभरही नाही. परिणाम म्हणजे बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा संसर्ग, उन्हाळ्यात चक्कर, आणि चक्कर येऊन पडणे. इथे 'भरपूर पाणी प्या' म्हणून भागत नाही. दिवसाचे पाणी सकाळपासून दुपारी चारपर्यंत जास्त आणि नंतर कमी, पण बंद नाही, असे वाटून घ्यावे. घरात पडदा लावून कमोडची खुर्ची ठेवावी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून घ्यावे.

खोकताना-शिंकताना थेंब गळतो ही गोष्ट बायका सुनेलाही सांगत नाहीत. लघवी अडवताना जे स्नायू आवळले जातात तेच पाच सेकंद आवळून सैल सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. काही आठवड्यांत अनेकींना फरक पडतो. हे महिला मंडळात कुणीतरी मोकळेपणाने सांगायला हवे.

आणि शौचालयाचा दिवा, बसायचे एक तरी भांडे, धरायला दांडा, यांसाठी महापालिकेकडे लेखी अर्ज करणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. म्हाताऱ्यांचे आरोग्य हा नागरी हक्काचा विषय आहे तो असा.

झोपेचेही पाण्याशीच नाते आहे. जिथे नळ मध्यरात्री किंवा पहाटे येतो, तिथे घरातली सर्वात म्हातारी बाई जागते, कारण 'पोरांना कामावर जायचे असते'. सात-आठ तासांची सलग झोप रक्तदाब, साखर आणि स्मरणशक्ती तिघांनाही लागते. पाणी भरायची पाळी घरातल्या सगळ्यांत वाटून घ्यावी, मुलग्यांतही.

मिश्री आणि पाचवे शील

मिश्री हा तंबाखूच आहे, भाजलेला. दात साफ होतात म्हणून सुरुवात होते आणि दिवसातून चार वेळा बोट हिरड्यांवर फिरू लागते. हिरड्या सुटतात, दात पडतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पाचव्या शीलाची चर्चा आपण दारूपुरती करतो आणि ती बहुतेक पुरुषांबद्दल असते. दारूच्या सहा दुष्परिणामांत रोगांचे घर हा एक दुष्परिणाम सिगालोवाद सुत्तात मोजलेलाच आहे. पण मिश्री लावून बाई विहारात येते आणि पोरगा पुडी थुंकून पंचशील म्हणतो, त्यावर आपण गप्प असतो. अनेक वर्षांची मिश्री ओरडून सुटत नाही. सकाळची पहिली वेळ तशीच ठेवून बाकीच्या एकेक कमी करणे, हातात बडीशेप-लवंग ठेवणे, आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा अथवा तीन आठवडे न भरलेली जखम दिसली तर लगेच दाखवणे, एवढे तरी करावे.

तपासण्या आणि गोळ्या

महात्मा फुल्यांना १८८८ मध्ये पक्षाघात झाला. उजवा हात गेला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. त्या काळी रक्तदाब मोजायचे साधे उपकरणही नव्हते. आज ते विहाराच्या कपाटात ठेवता येते, तरी पक्षाघाताचे रुग्ण आमच्या गल्ल्यांत आहेत, आणि 'मला काही त्रास होत नव्हता' हे त्यांच्यातल्या पुष्कळांचे म्हणणे असते. रक्तदाबाचा त्रास होत नाही हीच तर त्याची खोड. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर पाहावी. रक्तदाब पुन्हापुन्हा १४०/९० किंवा अधिक आला, उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक आली, तर डॉक्टरांकडे जायचे. गोळी सुरू झाल्यावर 'आता नॉर्मल आहे' म्हणून ती परस्पर बंद करायची नाही. ते नॉर्मल गोळीमुळेच असते. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा आणि रोज रात्री तळपाय पाहायचे. आजीला वाकता येत नसेल तर नातवाने पाहायचे.

सांधेदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी रोज खाणे ही वस्तीतली मोठी वाईट सवय आहे. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्याने मूत्रपिंडे बिघडतात, पोटात रक्तस्राव होतो, रक्तदाब वाढतो. पुडीत बांधून मिळणाऱ्या 'खात्रीच्या' औषधांत स्टिरॉइड असू शकते.

कॅम्प ३ मधल्या मध्यवर्ती रुग्णालयात आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या इतर रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देणारी ही योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. पासष्टीपुढच्या आणि दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी तीन हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. ज्येष्ठांसाठी मदतीचा क्रमांक १४५६७. आधारवरचा अंगठा न उमटल्याने आज्या रांगेतून परत येतात, म्हणून सोबत एक तरुण हवा.

उपोसथ करताना

वर्षावासात अष्टशील घेणाऱ्या आज्यांबद्दल आम्हाला काळजी वाटते ती इथे लिहितो. दुपारनंतर जेवायचे नाही, पण साखरेची सकाळ-संध्याकाळची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखेच घेतले, तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, हातांची थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे. त्या वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचे नाही, १०८ ला फोन करायचा.

शील मोडेल म्हणून आजी साखर-पाणी नाकारते. तिला विनयपिटकातला महावग्ग सांगावा. आजारी भिक्खूंसाठी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे वेळी-अवेळी घ्यायची मुभा भगवंतांनीच दिली होती. नियम करणाऱ्याने आजाऱ्याला आधी पाहिले. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपोसथाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवावी, किंवा जेवणाची वेळ पाळून उरलेली शीले घ्यावीत. भन्तेजींनी किंवा बौद्धाचार्यांनी हे व्यासपीठावरून सांगितले तर आज्या ऐकतात. आमच्या सांगण्याने ऐकत नाहीत, हा अनुभव आहे.

एकटेपण, कान आणि पुस्तक

स्मृतिभ्रंशाबद्दल 'लॅन्सेट' नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली. त्यांवर काम केले तर जवळपास निम्मे, ४५ टक्के, रुग्ण टळू किंवा लांबू शकतात असा त्यांचा हिशेब आहे. यादीत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान, बैठेपण आहेच. शिवाय ऐकू न येणे, दृष्टी जाणे, एकटे पडणे, प्रदूषित हवा, आणि लहानपणी शिक्षण न मिळणे. हे शेवटचे वाचून आम्ही थांबलो. आपल्या आज्यांना शाळा नाकारली गेली त्याची किंमत त्या सत्तरीत मेंदूने मोजतात.

ते आता परत करता येत नाही, पण काही भर घालता येते. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते, त्यात बहुधा एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. त्याऐवजी रोज एका आजीने कालचा भाग आपल्या शब्दांत सांगायचा, अशी पद्धत काही ठिकाणी करून पाहण्यासारखी आहे. अक्षर येणाऱ्या नातवाने अक्षर न येणाऱ्या आजीला चार ओळी वाचायला शिकवायच्या. ऐकू कमी येणाऱ्यांना पुढे बसवायचे. माइक मोठा केला म्हणून त्यांना शब्द कळतातच असे नाही. त्यांच्याशी समोर बसून, तोंड दिसेल असे सावकाश बोलायचे.

आणि सलग दोन पौर्णिमांना जी आजी किंवा जे आजोबा दिसले नाहीत, त्यांच्या घरी जायचे. विनयातच एक प्रसंग आहे. अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूला कुणी पाहत नव्हते, तेव्हा भगवंतांनी आनंदासोबत त्याला स्वतः अंघोळ घातली आणि माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी असे संघाला बजावले. घरी गेल्यावर उपदेश करू नये. चहा नाकारू नये, फक्त साखर कमी सांगावी. औषधांची पिशवी पाहायला मागावी, त्यात बहुतेक वेळा संपलेल्या पाकिटांखाली खरी अडचण सापडते. मोफत ती गोळी मिळाली नाही म्हणून दोन महिने बंद आहे, असे काहीतरी.

डिसेंबर जवळ येईल तसे चैत्यभूमीला जाणाऱ्यांची नावे विहारात लिहिली जातील. दादरची रांग लांब असते, उन्हात तासन्‌तास उभे राहावे लागते. नाव लिहितानाच प्रत्येक ज्येष्ठाची एक चिठ्ठी करावी : नाव, रक्तगट, आजार, गोळ्यांची नावे, घरच्या दोघांचे फोन. ती प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यातल्या निळ्या दोरीला अडकवावी. सोबत दोन दिवसांच्या गोळ्या, पाण्याची बाटली, खिशात चार खडीसाखरेचे खडे, शेंगदाण्याची पुडी, बसायला घडीचे छोटे स्टूल. आणि प्रत्येक दोन ज्येष्ठांमागे एक तरुण, ज्याने त्या दिवशी सेल्फीपेक्षा त्यांच्या पायांकडे जास्त पाहायचे आहे.